व्हीलचेअर मावेल अशी डिकी

माझी धाकटी बहीण पार्ल्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिचे पाय गेले. ती स्वतः मात्र सांगते, की पाय गेले, गणित कुठे गेलं नाही. आम्ही दोघी घाटकोपरला राहतो, तळमजल्यावर. लग्न तिनेही केलं नाही आणि मीही. वडील गिरणीत होते, आई कुडाळकडची. दोघंही आता नाहीत. आम्हाला मोठा भाऊ आहे, तो मुलुंडला असतो आणि दर रविवारी फोनवरून आमची काळजी करतो.

ऑपरेशननंतर वर्षभराने ती पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हा आम्ही अ‍ॅपवरून टॅक्सी मागवायचो. टॅक्सी यायची, ड्रायव्हर खाली उतरून डिकी उघडायचा आणि आत गॅसचा सिलेंडर आडवा पडलेला असायचा. मुंबईतल्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सिलेंडरच असतो. व्हीलचेअर ठेवायची कुठे? कोणी हात जोडून निघून जायचा, कोणी आम्हाला पाहूनच पुढच्या वळणावरून फोन बंद करायचा. एकाने मोठ्या मनाने खुर्ची टपावर दोरीने बांधली. साकीनाक्याच्या सिग्नलला ती एका बाजूला कलंडली, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी भर रस्त्यात उतरून एका हाताने खुर्ची धरून पुलापर्यंत टॅक्सीबरोबर चालत गेले.

महिन्याभरात तिचा सकाळचा पहिला तास चार वेळा बुडाला. प्राचार्यबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून फार गोड शब्दांत सुचवलं, की तुम्ही लायब्ररीत बसा, तिथे वेळेचं बंधन नाही, दगदगही नाही. ती घरी आली, हात धुतले, पेपर तपासायला घेतले. आठ-दहा पेपर झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "त्यांना मी फळ्यासमोर नको आहे."

तेव्हा मी गाडी घ्यायचं ठरवलं. मी एक्कावन्न वर्षांची होते. ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि नवीन गाडीची ऐपत नव्हती. अंधेरीला एका विमा कंपनीत मी क्लेम तपासायच्या टेबलावर काम करते. दुसऱ्यांच्या फुटलेल्या गाड्यांची बिलं बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण प्रत्यक्ष गाडीचं बॉनेट मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती, आणि तुम्हा दोघींना गाडीतलं काय कळतं, मेकॅनिक लुबाडून खातील. मी म्हटलं, खाऊ देत थोडं. खाता खाता शिकेन.

पहिली गाडी पाहिली ती मालाडला एका दलालाकडे. आत इतका सुगंध मारला होता, की शंका यावी. मी पायातली मॅट उचलून खालच्या गालिच्यावर हात दाबला, तर ओल. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आली होती. दुसरी चांगली होती, पण तिच्या डिकीतही सिलेंडर. मालक काढून देतो म्हणाला, पण आरटीओच्या कागदावरून त्याची नोंद काढायला कोण फिरणार? तिसरी मिळाली मरोळच्या गावठाणात.

तिचे मालक म्हणजे सत्तरी उलटलेले एक ख्रिस्ती गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरात मराठी बोलणारे. विमानांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर नटबोल्टांवर पाने फिरवले होते. बायको गेलेली, मुलं परदेशात. डोळ्यांत काचबिंदू झाला म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं होतं. नऊ वर्षं जुनी, चंदेरी रंगाची सेडान, पेट्रोलवर चालणारी. विकायची म्हणून त्यांनी ती पुसून ठेवली नव्हती. टपावर बदामाची सुकी पानं पडलेली होती.

त्यांनी आधी विचारलं, गाडीत कोण बसणार? मी सांगितलं, आणि पर्समधून मापाची टेप काढून डिकी मोजायला लागले. ते म्हणाले, "टेप ठेव, बाय. खुर्चीच घेऊन ये."

पुढच्या रविवारी मी बहिणीला घेऊन गेले. त्या अंकलनी स्वतः खुर्ची उचलली, दोनदा फिरवून पाहिली, तिचं एक चाक काढलं आणि आडवी सरकवली. डिकीचं झाकण खट्‌कन बसलं. मग त्यांनी गाडीचे दोष सांगितले. मी न विचारताच. मागची डावी काच खाली जात नाही. एसी दुपारी थकतो. क्लच अजून सहा महिने चालेल, त्यापुढे नाही. टायर बदलावे लागतील. मी भाव कमी करायला सांगितला, तर टायरांपुरते पैसे त्यांनी लगेच सोडले आणि त्याखाली एक रुपया उतरायला तयार झाले नाहीत. बहीण बाहेर आल्यावर म्हणाली, "घे हीच. ज्याने दोष सांगितले त्याची घेऊ."

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुली माझ्या भाचीच्या वयाच्या. लायसन मिळालं, पण पहिले दोन महिने मी आमच्या सोसायटीच्या गेटचा खांब तीनदा घासला. बहीण शेजारी बसून मला कोन सांगायची. अजून थोडी वळव, आता सरळ कर, आता थांब. ती ओरडली एकदाही नाही. त्या दोन महिन्यांत तिचा एकही तास बुडाला नाही.

गाडीने मात्र पहिल्याच वर्षी आम्हाला चांगलं सोलून काढलं. बॅटरी गेली. अंकलनी सांगितल्याप्रमाणे सहाव्या महिन्यात क्लच गेला. लिंक रोडच्या खड्ड्यांनी पुढचे शॉकअप खाल्ले. एसीत गॅस भरला, तो महिन्यात उडाला, मग कळलं की पाइपच चिरलाय. माझी दिवाळीची साडी आणि तिचा नवा चष्मा त्या पाइपात गेला. दादा रविवारी फोन करायचा तो "आता काय मोडलं?" म्हणूनच सुरुवात करायचा. सगळ्यांनी सांगितलं, गॅस किट बसवून घ्या, पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल. ऑफिसातले म्हणाले, शेजारचे म्हणाले, पेट्रोलपंपावरचा माणूससुद्धा म्हणाला. मी प्रत्येकाला विचारायचे, मग खुर्ची काय तुमच्या डोक्यावर ठेवू? शेवटी शेवटी कोणी विषय काढेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात, कॉलेजच्या परीक्षा चालू असताना, साकीनाक्याच्या अलीकडे गाडीचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी कशीबशी बाजूला घेतली. समोरच्या टायरच्या दुकानातल्या दोघांनी खुर्ची काढून दिली आणि बहिणीला उचलून सावलीत बसवलं. तिने कॉलेजला फोन करून सांगितलं, की मी परीक्षेच्या देखरेखीला येऊ शकत नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ समोरच्या मेट्रोच्या खांबाकडे बघत बसली. मी गाडी टोचन लावून कंपनीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. मला वाटलं, मोठं आहे, काचेचं आहे, बरोबर करतील.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सल्लागाराचा फोन आला. इंजिनचं हेड गॅस्केट गेलंय, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास, उघडल्यावर आणखी वाढू शकतं. आणि लगेच पुढे, खरं सांगू का मॅडम, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही, आमचा शोरूम वरच्याच मजल्यावर आहे, जुनीचे सत्तर हजार धरतो, नवीन घ्या.

खोटं कशाला सांगू, मी खचले. एवढे पैसे आमच्याकडे नव्हते. दादाला कळलं तसा तो दुपारीच घरी आला. म्हणाला, सत्तर मिळतायत ते घे आणि मोकळी हो, वर हिला प्राचार्यबाई चांगली जागा देतायत ती घ्यायला काय झालंय? बहिणीने त्याला चहा दिला. तो गेल्यावर कपबशा विसळताना ती म्हणाली, "राहू दे, ताई. लायब्ररी काही वाईट नसते."

त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा दीड लाखाने आला नव्हता. ऑपरेशननंतर सहा महिने पाठीवर पडून राहिली तेव्हासुद्धा ती असं बोलली नव्हती. मी बाहेर ओट्यावर गेले आणि मरोळला अंकलना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मागून पांढरा धूर येत होता का? इंजिन तेलात पाणी गेलंय असं म्हणाले का? मी म्हटलं, मला यातलं काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, मग जाऊन विचार. तेल भरायचं झाकण उघडायला लाव, आणि तेल मोजायची दांडी बाहेर काढायला लाव. गॅस्केट फाटलं असेल तर बहुतेक वेळा पाणी तेलात मिसळतं आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. "चहा दिसला तर ते बहुतेक खरं बोलतायत," ते म्हणाले. "काळं तेल दिसलं तर गाडी उचल आणि असल्फ्याला माझ्या माणसाकडे ने. तो लगेच इंजिन उघडणार नाही, आधी तपासेल."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. सल्लागार तिशीतला होता, हातात टॅबलेट, बोलणं अगदी नम्र. कॉफी घेणार का विचारलं. मी म्हटलं, मला माझी गाडी बघायची आहे. तो म्हणाला, ग्राहकांना वर्कशॉपमध्ये सोडत नाहीत, सुरक्षेचा नियम आहे. मी म्हटलं, मग गाडी बाहेर ढकलत आणा, मी उन्हात उभी राहते. त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी अजून कुणाला विचारलं. अर्ध्या तासाने गाडी बाहेर आली.

मी झाकण उघडायला लावलं. दांडी काढायला लावली, पांढऱ्या फडक्यावर पुसायला लावली. तेल काळं होतं. काळं कुळकुळीत. चहाचा मागमूस नव्हता. पाणी मिसळलेलं तर दिसत नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, ते दरवेळी दिसतंच असं नाही, आमच्या टेक्निशियनचा अनुभव आहे.

पंचवीस वर्षं मी माझ्या टेबलावर एकच गोष्ट केली होती, ती मी तिथे केली. म्हटलं, "ठीक आहे. हेड गॅस्केट फाटलंय, आणि कुठली तपासणी करून तुम्हाला ते कळलं, एवढं लेटरहेडवर लिहून सही करून द्या. मी आत्ता निम्मे पैसे भरते."

त्याने टॅबलेट खाली ठेवला. मग म्हणाला, असं लिहून देण्याची आमची पद्धत नाही, इंजिन उघडल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही.

"फोनवर तर शंभर टक्के सांगितलंत."

साहेब आले. साहेबांनीही लिहून दिलं नाही. उलट मीच लिहून द्यावं म्हणाले, की गाडी मी माझ्या जबाबदारीवर नेतेय, पुढे इंजिन जळलं तर सेंटर जबाबदार नाही. मी दोन्ही प्रतींवर सही केली, एक पर्समध्ये टाकली, तपासणीचे म्हणून लावलेले बाराशे भरले आणि गाडी टोचन लावून बाहेर काढली. काळ्या तेलावरून मी एवढी भांडले होते, पण खरंच इंजिन गेलेलं असेल तर? असल्फ्यापर्यंत हाच एक विचार डोक्यात होता.

अंकलचा माणूस म्हणजे चाळिशीचा, सांगलीकडचा, कमी बोलणारा मेकॅनिक. त्याने पाणी भरलं, गाडी चालू केली आणि स्टूल घेऊन नुसता समोर बसला. मीही उभी राहिले. काटा चढत गेला. आता रेडिएटरचा पंखा फिरायला हवा होता, तो फिरला नाही. त्याने गाडी बंद केली, फ्यूजच्या डबीतून काड्यापेटीपेक्षा लहान एक रिले काढला, दुसरा बसवला. पुन्हा चालू केली. पुन्हा वाट पाहिली. पंखा फिरायला लागला. मग त्याने पाइपांना हात लावून पाहिला आणि म्हणाला, पाणी सोडणारा थर्मोस्टॅटपण अडकतोय, तो बदलू. नंतर एक तासभर गाडी तशीच चालू ठेवून तो मधूनमधून पाणी तपासत राहिला. शेवटी उठला आणि म्हणाला, "गॅस्केट ठीक आहे, ताई. गाडी तापल्या तापल्या तुम्ही बंद केलीत म्हणून वाचली."

तीन हजार आठशे रुपये झाले. जुना रिले आणि जुना थर्मोस्टॅट मी मागून घेतला आणि घरी नेऊन बहिणीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला. तिने रिले उचलून कानाजवळ हलवून पाहिला. एवढंच? तिने विचारलं. मी म्हटलं, एवढंच. ती हसली नाही. तिने प्राचार्यबाईंना दोन ओळींचा मेल लिहिला, की लायब्ररीच्या जागेचा विचार मी केला, मला ती नको आहे, पुढच्या वर्षी मला पहिल्या तासाचं वेळापत्रक द्यावं.

त्यानंतर गाडी सुधारली असं मी म्हणणार नाही. त्याच पावसाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला आणि त्याने तेवीस हजार घेतले. तो खरोखरच गेला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. जुनी गाडी पैसे खातेच. दादा वर्षाचा हिशोब मांडून दाखवायला बसला, तेव्हा मी त्याला त्यात पहिला तास कुठल्या रकान्यात लिहिणार ते विचारलं. त्याला राग आला. येऊ दे. दोन रविवार फोन नव्हता.

तिसऱ्या वर्षी बहिणीने एक दिवस गाडीत बसल्या बसल्या विचारलं, की हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर चालवता येईल असा दांडा बसवून मिळतो ना? तिने सगळं आधीच शोधून काढलं होतं. मी पटकन नाही म्हणून बसले. साकीनाक्याचा ट्रॅफिक, बस, डंपर, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू आत्ता अगदी दादासारखी बोलतेयस."

दुसऱ्या दिवशी मीच असल्फ्याला फोन केला.

किट पुण्याहून आलं. क्लचसाठी गिअरच्या दांड्यावर एक बटण बसलं, स्टिअरिंगखाली एक दांडा बसला, पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. अंकल मरोळहून रिक्षाने आले, दिसत नव्हतं तरी बोटांनी एकेक स्क्रू चाचपून पाहिला आणि एक पुन्हा घट्ट करायला लावला. त्यानंतर चार महिने कागदांत गेले. आरटीओतल्या अधिकाऱ्याने गाडी पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, एवढी जुनी गाडी, त्यावर एवढा खर्च, ह्या मॅडमना ड्रायव्हर ठेवून द्यायचा ना. बहीण खुर्चीत माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "माझ्याशी बोला. लायसन मला हवंय." त्याने मग तिच्याशीच बोलायला सुरुवात केली. पहिल्या चाचणीत गाडी मागे घेताना तिने खुंटी पाडली आणि नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली.

सरावासाठी आम्ही आरेच्या रस्त्याला जायचो, रविवारी सकाळी. तबेल्यांच्या बाजूने, हळू. मी शेजारी बसून पाय आवळून धरायचे, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली होता. तिने मला एकदा सांगितलं, की तू डोळे मिटून बस, तुझी भीती मला दिसते.

आता ती एकटी जाते. घाटकोपरला खुर्ची मी डिकीत घालते, पार्ल्याला कॉलेजचा वॉचमन काढून देतो. मी माझ्या वेळेवर ऑफिसला जाते. पहिल्या दिवशी ती गेटमधून बाहेर पडली तेव्हा मी खांबापाशी उभी होते. तिने गाडी खांबाला घासू दिली नाही. कॉलेजला पोचल्यावर तिने फोन केला नाही. दुपारी मीच केला, तेव्हा ती वर्गात होती आणि तिने तो कापला.

गाडी चौदा वर्षांची झाली आहे. गेल्या महिन्यात स्टिअरिंगमध्ये आवाज यायला लागला. शनिवारी ती एकटीच असल्फ्याला घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचे हात ग्रीसने काळे झाले होते आणि मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टिअरिंगचा जुना रॅक होता. मी विचारलं, किती झाले? तिने आकडा सांगितला. बराच होता. दादाला सांगू नकोस, मी म्हटलं. ती म्हणाली, मी येतानाच त्याला फोन करून सांगितलाय.